जार पडण्याची वाट पाहू नका

नवजात वासरांच्या संगोपनावरच्या लेखात वासराला चीक, म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, पाजायला सांगितलंय ते योग्यच, पण कधी आणि किती हे यायला हवं होतं. जार (व्याल्यावर बाहेर पडणारी वार) पडल्याशिवाय चीक काढायचा नाही असं अजून कितीतरी गोठ्यांत मानतात. जार पडायला सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त लागतात, आणि वासराचं नुकसान नेमकं तेवढ्यात होतं. गाई-म्हशींत रोगप्रतिकारक द्रव्यं गर्भात असताना वासराला मिळत नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात. आतड्यांची ती शोषून घेण्याची ताकद तासागणिक घटते आणि साधारण 24 तासांत संपते. म्हणून पहिला चीक तासाभरात द्या, फार तर दोन. वजनाच्या दहा टक्के, म्हणजे 30 किलोच्या वासराला 3 लिटर, पहिल्या काही तासांत दोन वेळा विभागून. शिवाय वासरू आचळाला लागलं की जार सुटायला उलट मदतच होते.

नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायचीच.

हगवण लागली की दूध तोडतात, ते तर मला बघवत नाही. आधीच अंगातलं पाणी चाललेलं, त्यात उपासमार! दूध चालू ठेवा, मधल्या वेळेत क्षार-साखरेचं पाणी वेगळं पाजा. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच बसली नाही, डोळे खोल गेले असले, तर डॉक्टरांना तेव्हाच बोलवा, सकाळपर्यंत थांबू नका.