नेपच्यूनचं श्रेय ले व्हेरिये यांनी लाटलं नाही

‘अ‍ॅडम्सने १८४५ मध्येच नेपच्यूनची अचूक जागा सांगितली होती, ग्रिनिचच्या एअरीने कागद दडपला आणि श्रेय फ्रान्सच्या ले व्हेरियेने लाटले’ हा मजकूर सतत फिरत असतो. युरेनस गणिताने काढलेल्या मार्गापासून ढळत होता; त्याला ओढणारा, न दिसलेला ग्रह कुठे असेल हे इंग्लंडचे गणिती अ‍ॅडम्स आणि फ्रान्सचे ले व्हेरिये या दोघांनीही गणिताने काढलं. तोच नेपच्यून. एअरी हे ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख.

आधी कागदाचं. २१ ऑक्टोबर १८४५ला अ‍ॅडम्स एअरींच्या घरी जो कागद ठेवून गेले, त्यात नव्या ग्रहाच्या कक्षेचे घटक (तिचा आकार आणि दिशा सांगणारे आकडे) आणि हा ग्रह धरूनही युरेनसच्या स्थितीत उरलेला फरक एवढंच होतं. आकडेमोड नव्हती. ५ नोव्हेंबरला एअरींनी पत्र लिहून विचारलं: युरेनसच्या सूर्यापासूनच्या अंतरातली चूकही या ग्रहाने सुटते का? त्याचं उत्तर त्यांना मिळालं नाही. दडपायचंच असतं तर विचारलं कशाला असतं? जुलै १८४६ मध्ये केंब्रिज वेधशाळेच्या चॅलिस यांना शोध घ्यायला सांगणारेही एअरीच.

‘अचूक जागा’ हा शब्द तर चुकीचाच. १८४५चा अंदाज सुमारे दोन अंशांनी चुकला होता, म्हणजे खरंच चांगला होता. पण अ‍ॅडम्स त्यावर ठाम राहिले नाहीत. कक्षा आणखी लहान धरली तर ग्रह राशिचक्रावर ३१५ अंशांजवळ येईल, असं त्यांनीच २ सप्टेंबर १८४६ला कळवलं. ग्रह होता ३२७च्या आसपास. चॅलिस यांना शोधायचा आकाशाचा पट्टा होता ३० अंश लांब, १० अंश रुंद. त्या भागाचा नवा नकाशा त्यांच्याकडे नव्हता, म्हणून दिसेल तो तारा नोंदवायचा आणि दुसऱ्या रात्रीच्या यादीशी ताडायचा; जागा बदललेला दिसेल तो ग्रह. ४ आणि १२ ऑगस्टला ग्रह त्यांच्या नोंदीत आलाही! पण १२ तारखेची यादी त्यांनी ३९व्या ताऱ्यापर्यंतच ताडली. नेपच्यून ४९वा होता.

लाटण्याचा आरोप तारखांपुढे टिकत नाही. ले व्हेरिये यांनी १ जून १८४६ला जागा जाहीर केली, ३१ ऑगस्टला कक्षा आणि वस्तुमान. अ‍ॅडम्स यांचं तोवर काहीच छापलेलं नव्हतं, मग चोरणार काय? ले व्हेरिये यांचं १८ सप्टेंबरचं पत्र २३ला बर्लिनच्या वेधशाळेत पोचलं. त्याच रात्री तिथले खगोलज्ञ गाले दुर्बिणीतून तारे सांगत गेले, त्यांचे सहकारी द’अरे ते नव्या नकाशावर तपासत गेले. आठव्या प्रतीचा (तेजस्वितेचा) एक तारा नकाशात नव्हता. तोच नेपच्यून. सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्याही आत.

अ‍ॅडम्स यांचं गणित स्वतंत्र होतं, यात शंका नाही. पण नोव्हेंबर १८४६ मध्ये आपलं काम आणि त्याच्या तारखा मांडताना, या तारखा ले व्हेरिये यांच्या रास्त हक्काला बाध आणण्यासाठी देत नाही, असं त्यांनी स्वतःच स्पष्ट केलं होतं.