‘12,000 ल्युमेन’चा फॉरवर्ड आणि ताईच्या भिंतीवरचे 68 लक्स

गेले दोन आठवडे एक फॉरवर्ड फिरतोय. ‘टीव्ही घेण्याआधी हे वाचा’ अशी सुरुवात आणि खाली होम प्रोजेक्टरचे सात फायदे: 12,000 ल्युमेन, म्हणून भर दिवसा लख्ख चित्र, फोरके सपोर्ट, परावर्तित प्रकाश, म्हणून डोळ्यांना शून्य अपाय, कुठेही ठेवा, चित्र आपोआप सरळ, 60 हर्ट्झ, म्हणजे गेमिंगला लॅग नाही, सगळे ओटीटी आतच, आणि दिवा तीस वर्षं चालणार. मला तो चार जणांकडून आला, चारही वेळा मी सोडून दिला. पाचव्यांदा ताईकडून आला. खाली तिची एक ओळ होती: ‘घेतला. रविवारी ये बघायला.’

ताई हिशेबाला पक्की आहे. कुठलीही वस्तू घेताना आधी आकडे बघते. तिला फसवलं तेही आकड्यांनीच, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

रविवारी दुपारी तीनला पोहोचलो. खिडक्या उघड्या, समोरच्या पांढऱ्या भिंतीवर शंभर इंचांचं चित्र आणि भाच्याचा गेम चालू. गेममध्ये रात्रीचा प्रसंग होता. भिंतीवर मला फक्त कोपऱ्यातला स्कोअर वाचता येत होता. बाकी सगळं धुतलेल्या कपड्यावरच्या जुन्या डागासारखं. भाचा म्हणाला, ‘मामा, ब्राइटनेस फुल आहे.’

तर पहिला मुद्दा हाच, आणि यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण बाकीचा फॉरवर्ड याच आकड्याच्या जोरावर उभा आहे.

ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरच्या लेन्समधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो मोजायची पद्धत ठरलेली आहे आणि ती नवीही नाही. अमेरिकेच्या ‘आन्सी’ या मानक संस्थेने 1992 साली ती लिहून दिली. आज आंतरराष्ट्रीय मानक आहे ते आयएसओ/आयईसी 21118. पूर्ण पांढरं चित्र टाकायचं, त्याचे तीन बाय तीन असे नऊ सारखे भाग करायचे, प्रत्येक भागाच्या मध्यावर किती लक्स (म्हणजे दर चौरस मीटरवर किती ल्युमेन) पडतात ते मोजायचं, नऊ आकड्यांची सरासरी काढायची आणि चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचं. झालं. चौथी-पाचवीतल्या पोराला जमेल असा हिशेब आहे.

माझ्याकडे लक्समीटर आहे. अंधार पडल्यावर दिवे घालवले आणि आम्ही तिघांनी मिळून मोजलं. भाच्याने पेन्सिलीने भिंतीवर नऊ खुणा केल्या, ताईने आकडे लिहून घेतले. मध्यभागी 96 लक्स, कडांच्या मधोमध साधारण 75, कोपऱ्यांत 54. सरासरी 68. शंभर इंची चित्राचं क्षेत्रफळ सुमारे 2.76 चौरस मीटर. गुणाकार 188.

ताईने वहीतला आकडा दोनदा तपासला आणि विचारलं, ‘मग बाकीचे अकरा हजार आठशे कुठे गेले?’

कुठेही गेले नाहीत, ते कधी नव्हतेच. असे आकडे बहुतेक वेळा लेन्सच्या अलीकडे, थेट दिव्यापाशी धरलेले असतात, आणि काही वेळा कशाचेच नसतात. एका पॅनेलच्या स्वस्त एलसीडी प्रोजेक्टरमध्ये दिव्याचा प्रकाश आधी पोलरायझरमधून, म्हणजे एकाच दिशेने कंपणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या गाळणीतून जातो, तिथेच निम्म्याहून जास्त गळतो. मग रंगांचे फिल्टर उरलेल्यातला दोन तृतीयांश अडवतात. त्यामुळे दिव्याच्या ल्युमेनचा भिंतीवरच्या चित्राशी फार थोडा संबंध उरतो. खोक्यावर नुसतं ‘ल्युमेन’, ‘एलईडी ल्युमेन’ किंवा ‘लाइट सोर्स ल्युमेन’ लिहिलं असेल तर तो आकडा वाचूच नका. ‘आन्सी ल्युमेन’ किंवा ‘आयएसओ ल्युमेन’ असं असेल तरच पुढे बोला. एका ओळीचा फरक आहे, पण तोच सगळा फरक आहे.

आता ‘भर दिवसा’चं बघू. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. त्याचा काळा म्हणजे खोलीच्या उजेडात भिंत जशी दिसते तशी. दुपारी प्रोजेक्टर बंद असताना मी भिंतीवर मोजलं होतं, 160 लक्स. म्हणजे चित्रातला काळा 160 आणि पांढरा 160 अधिक 68, म्हणजे 228. पांढरा काळ्याच्या दीडपटही नाही. फॉरवर्डमधला ‘दहा लाखास एक कॉन्ट्रास्ट’, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट ते प्रमाण, त्या खोलीत 1.4 ला एक झाला.

हे एकाच यंत्राचं वैगुण्य नाही. खरे, मोजलेले 2,500 आन्सी ल्युमेन देणारा चांगला प्रोजेक्टर त्या जागी ठेवला तर भिंतीवर सुमारे 900 लक्स पडतील, आणि तरी पांढरा काळ्याच्या सातपटही होणार नाही. क्रिकेटची मॅच किंवा कार्टून चालून जाईल. सिनेमातले काळोखाचे प्रसंग आणि गेममधल्या गुहा जाणार त्या जाणारच. उजेड अडवणारा, चित्र टाकायचा खास पडदा थोडी मदत करतो, पण खिडकीला लावलेला जाड पडदा त्याहून जास्त करतो.

एक गोष्ट मान्य करावी लागते, मनात नसतानाही. अंधाऱ्या खोलीत फार ल्युमेन लागतच नाहीत. डिजिटल सिनेमाच्या पडद्यावर पांढऱ्याची ठरलेली उजळता 48 निट असते (निट म्हणजे पडद्यावरून डोळ्यांकडे येणाऱ्या उजेडाचं माप). शंभर इंची साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढी मिळवायला पूर्ण अंधारात खरे 420 ल्युमेनही पुरतात. ताईचंच यंत्र आम्ही भिंतीजवळ सरकवलं आणि चित्र साठ इंचांवर आणलं, तर अंधारात ते चक्क बघण्यासारखं झालं. त्याला ‘रात्री, पडदे लावून, साठ इंच’ म्हणून विकलं असतं तर मी एक अक्षर लिहिलं नसतं.

दुसरा मुद्दा फोरकेचा. ‘सपोर्ट’ म्हणजे यंत्र फोरके सिग्नल आत घेतं, एवढंच. बाहेर काय पडतं ते ‘नेटिव्ह रेझोल्यूशन’च्या रकान्यात असतं. ताईच्या यंत्राचं निघालं 1280 बाय 720. फोरकेमध्ये 3840 बाय 2160 ठिपके असतात, म्हणजे बरोबर नऊपट. नऊतले आठ ठिपके वाटेतच टाकून दिले जातात. इथे थोडं खरंही आहे: अनेक चांगल्या डीएलपी (बारीक आरशांवर चालणाऱ्या) प्रोजेक्टरमध्ये 1920 बाय 1080 आरशांची चिप असते आणि एका फ्रेमच्या वेळात चित्र चार वेळा कणभर सरकवून 83 लाख ठिपके भिंतीवर उमटवले जातात. ते डोळ्यांना खरोखर फोरकेच्या जवळ वाटतं. पण ते तंत्र वेगळं आणि ‘सपोर्ट’ हा शब्द वेगळा. एचडीआरच्या (उजेड-काळोखातले जास्त बारकावे दाखवणाऱ्या तंत्राच्या) बाबतीत हाच शब्द हीच लबाडी करतो.

आता डोळ्यांचं. बाकीच्या थापांनी पैसे जातात. ही थाप लहान मुलांपर्यंत जाते.

फॉरवर्ड म्हणतो, ‘परावर्तित प्रकाश असल्याने डोळ्यांना शून्य अपाय, मुलांसाठी डॉक्टरांची शिफारस.’ कोणते डॉक्टर ते नाही. प्रकाश भिंतीला लागून आला म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही. पुस्तकाचं पान, झाड, समोरच्या माणसाचा चेहरा, सगळं आपण परावर्तित प्रकाशातच बघतो, आणि उन्हातला पांढरा कागदही डोळे दिपवतो. भिंतीवरचं चित्र सौम्य वाटतं ते तेवढा प्रकाश पावणेतीन चौरस मीटरवर पसरलेला असतो म्हणून. टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, ते टीव्हीसमोर होतं तसंच इथेही होतं. हातभर अंतरावरच्या मोबाइलपेक्षा तीन मीटरवरचं चित्र डोळ्यांना आरामाचं, हे खरं आहे. पण ते अंतरामुळे, आणि टीव्हीही तेवढ्याच अंतरावर असतो.

आणि जो प्रकाश भिंतीपर्यंत अजून पोहोचलाच नाही त्याचं काय? आम्ही नऊ खुणांच्या गडबडीत असताना ताईची धाकटी, पाच वर्षांची, स्टुलावरच्या प्रोजेक्टरसमोर उभी राहून भिंतीवर हाताच्या सावलीचा ससा करत होती. मग ससा कुठून येतो ते बघायला वळली आणि वीतभर अंतरावरून सरळ लेन्समध्ये बघायला लागली. अंधारात बाहुल्या मोठ्या झालेल्या. मी तिला ओढून बाजूला घेतलं. डोळे चोळत होती, दहा मिनिटांनी ठीक झाली. यंत्र मंद होतं म्हणून निभावलं. हजारो ल्युमेनचा खरा प्रोजेक्टर असता तर?

प्रोजेक्टरच्या प्रकाशाच्या धोक्यासाठी वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी 62471-5, 2015 सालचं. त्यात धोक्याचे गट आहेत. घरात येणारे बरेच दमदार प्रोजेक्टर ‘आरजी 2’मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या गटात मोडतात, आणि त्यांच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं की मुलांवर लक्ष ठेवा, कितीही अंतरावरून त्यांना प्रकाशझोतात टक लावून बघू देऊ नका. कंपनी स्वतः हे छापते आणि फॉरवर्ड ‘शून्य अपाय’ म्हणतो. घरात लहान मूल असेल तर प्रोजेक्टर छताला किंवा मुलांच्या डोक्यावर राहील असा उंच लावा. स्टुलावर किंवा टीपॉयवर नको. हा सल्ला ल्युमेनच्या आधी वाचा.

‘कुठेही ठेवा, आपोआप सरळ.’ सरळ होतं, हो. पण या आपोआप सरळ करण्याला म्हणतात कीस्टोन, म्हणजे चिपवरचं चित्रच आधी तिरकं करून, आकसून टाकणं. कडेचे ठिपके वाया जातात, अक्षरं मऊ पडतात, आणि वाया गेलेल्या भागाची राखाडी चौकट अंधारात दिसत राहते. यंत्र समोरासमोर नीट लावा. जागा अवघडच असेल तर लेन्स शिफ्ट असलेलं घ्या. त्यात लेन्सच सरकते, चित्राला हात लागत नाही.

गेमिंगचा मुद्दा भाच्यासाठी. 60 हर्ट्झ म्हणजे सेकंदाला साठ चित्रं, दर 16.7 मिलिसेकंदांनी एक. लॅग म्हणजे बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम भिंतीवर दिसेपर्यंतचा वेळ. दर मिनिटाला एक गाडी सुटते म्हणून प्रवास एका मिनिटात संपतो असं नाही. आत चित्र सरळ करणं, गुळगुळीत करणं, आकार बदलणं असं जितकं काम जास्त, तितका उशीर.

हे आम्ही मोजलं. भाच्याने मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमचा स्लो मोशन लावला, मी अंगठा आणि भिंत एकाच चौकटीत धरली. बटण खाली गेल्यापासून पात्र उडी मारेपर्यंत 38 फ्रेम. त्याच्या जुन्या मॉनिटरवर तोच गेम, तेच बटण, 17 फ्रेम. एका फ्रेमला सुमारे 4.2 मिलिसेकंद, म्हणजे फरक 88 मिलिसेकंदांचा, पाच चित्रांचा. तो म्हणाला, ‘म्हणजे मी नाही हरत होतो.’ आठवडाभर पोरगा स्वतःलाच दोष देत होता.

गेमसाठी घ्यायचा असेल तर ‘इनपुट लॅग’चा आकडा मिलिसेकंदांत दिलेला हवा, कोणत्या रेझोल्यूशनला आणि किती हर्ट्झला ते सोबत हवं, आणि गेम मोड हवा. वर सांगितलेल्या डीएलपी चिपवाल्या काही प्रोजेक्टरमध्ये चित्र सरकवणं बंद केलं की 1080पी, 240 हर्ट्झला लॅग 4 मिलिसेकंदांच्या आसपास येतो. गेम मोडमध्ये कीस्टोन बऱ्याचदा बंदच ठेवावा लागतो, म्हणून यंत्र समोरासमोर लावायचं म्हटलं ते इथेही लागू. आणि ब्लूटूथ स्पीकर गेमला नको, आवाज मागून येतो.

ओटीटी: ॲप आत असणं आणि त्याला एचडीचा परवाना असणं वेगळं. वाइडवाइन एल1 (कॉपी होऊ न देणाऱ्या कुलपाची वरची पातळी) नसेल तर चित्र एसडीवरच अडकू शकतं. चांगली स्ट्रीमिंग स्टिक एचडीएमआयला लावा आणि आतली ॲप विसरा.

तीस वर्षांचा दिवा: लेझरचं आयुष्य सहसा 20,000 तास सांगतात, आणि त्याचा अर्थ उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा काळ. रोज चार तास धरले तर साडेतेरा वर्षं. साध्या दिव्याचे काही हजार तासच. पुढे जायला नको.

ताईने यंत्र परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी भाच्याने टेप घेऊन खोली मोजली आणि मला फोटो पाठवला: लेन्स भिंतीपासून 3.1 मीटरवर येईल, शंभर इंची चित्राची रुंदी 2.21, म्हणजे 1.4 थ्रो रेशो (अंतर भागिले रुंदी) ज्यात बसतो असा प्रोजेक्टर हवा. खाली ताईचा मेसेज: प्रोजेक्टरचं नंतर बघू, जाड पडदे शिवायला टाकलेत.