बेसवादक तीनच? अजिबात नाही

प्रोग्रेसिव्ह रॉकच्या, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीताच्या गप्पा रंगल्या की एक विधान हमखास ऐकू येतं : ‘या संगीतात बेसवादक, म्हणजे खालच्या सुरांची बेस गिटार वाजवणारे, तीनच. येस बँडचा क्रिस स्क्वायर, रशचा गेडी ली, किंग क्रिम्झनचा जॉन वेटन. बाकीचे मागे उभं राहून ठेका धरणारे, नाहीतर मूळचे दुसऱ्याच वाद्याचे. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या बँडचं तर बेसवादकावाचून काहीच अडलं नाही.’

तिघं थोर आहेत, वादच नाही. १९७१ मध्ये स्क्वायरने ‘द फिश’ हे गाणं जवळजवळ सगळं बेसचे थर एकमेकांवर चढवून उभं केलं. पण विधानातलं पुढचं काहीच मला पटत नाही.

‘ठेका धरणारे’ म्हणजे कोण? जेनेसिस बँडचा माइक रदरफोर्ड? त्यांच्या १९७२ च्या ‘सपर्स रेडी’ या गाण्यात शेवटाकडे नऊ मात्रांचा भाग येतो. हेडफोन लावा, त्याच बँडच्या टोनी बँक्सचा ऑर्गन क्षणभर विसरा आणि खाली कान द्या. बेस तीनच स्वर वाजवतो : ई, एफ शार्प, बी. ई ला षड्ज धरला तर सा, रे, प. यात गंधार नाही, ही खरी गंमत. मेजर की मायनर (शुद्ध गंधार की कोमल) हे ठरवणारा स्वरच खाली ठेवलेला नाही, त्यामुळे वर ऑर्गनला रान मोकळं. तो कधी गोड होतो, कधी भेसूर, कधी मात्रांना छेदून पळतो. सा-रे-प जागचं हलत नाही. हात चालवायची हौस आवरून मिनिटांमागून मिनिटं हे धरून ठेवायला केवढा संयम लागत असेल! डग्गा नीट ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

‘मूळचे दुसऱ्या वाद्याचे’ हे खरं आहे, पण त्यात कमीपणा कसला? मॅग्मा बँडचा जानिक टॉप चेलो शिकलेला. बेसच्या तारा एरवी ई-ए-डी-जी लावतात. त्याने त्या चेलोसारख्या सी-जी-डी-ए लावल्या. सगळ्यात जाड तार थेट खालच्या सी वर गेली. १९७६ चं ‘दे फुतुरा’ ऐका, जमिनीखालून काहीतरी सरकत येतंय असं वाटतं. हा आवाज चेलोवाल्यालाच सुचणार. जेंटल जायंटचा रे शुलमन व्हायोलिन आणि ट्रंपेटही वाजवायचा. म्हणूनच त्याचा बेस गाण्याखाली अंथरलेला नसतो. बाकीच्या सुरांत विणलेला, स्वतःची चाल असलेला असतो. २०२३ मध्ये तो गेला. अशा यादीत त्याचं नाव नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

राहिलं व्हॅन डर ग्राफ. १९७० मध्ये अल्बमचं रेकॉर्डिंग चालू असतानाच निक पॉटर बँड सोडून गेला, हे खरं. पण त्याची जागा रिकामी राहिली नाही. ऑर्गनवादक ह्यू बँटनने दोन्ही हात ऑर्गनवर ठेवून बेसचं काम पायांवर घेतलं, पेडलवर; आणि पुढच्याच वर्षीच्या ‘पॉन हार्ट्स’ या अल्बमवर पेडलच्या जोडीला बेस गिटारही वाजवली.