‘पोरांचे आकडे कोण मानणार?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरात केलेल्या पाहण्यांवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच झाडलंत. इतकं सविस्तर लिहिलंत, म्हणून नुसते आभार मानून विषय मिटवत नाही. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: चारशे जणांना विचारून अख्ख्या वस्तीबद्दल बोलता येत नाही, हे तज्ज्ञांचं काम, पोरासोरांचं नव्हे, आणि प्रोजेक्टच्या नावाखाली मुलांना फुकट राबवलं जातं. शेवटी उपरोधाने विचारलंत, ‘उद्या निवडणुकीचा कलही यांनीच सांगायचा का?’

पहिला आक्षेप मला मुळीच पटत नाही. रँडम पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या ४०० जणांची उत्तरं घेतली, तर ९५ टक्के खात्रीच्या हिशेबाने, म्हणजे अशा शंभर पाहण्यांपैकी सुमारे ९५ वेळा, आकडा फार तर ५ टक्क्यांनी इकडे-तिकडे होतो. वस्ती वीस हजारांची असो की वीस लाखांची, त्यात फारसा फरक पडत नाही. ही चूक निम्मी करायची तर ४०० चे १६०० करावे लागतात, आणि बहुतेक वेळा तेवढा खटाटोप करण्यात अर्थ नसतो. रस्त्यावर पुरेसे दिवे नाहीत असं ७० टक्के लोक म्हणाले, तर खरा आकडा ६५ निघो की ७५, दिवे लावायलाच हवेत. मात्र त्याच ४०० मधल्या ४० वृद्धांच्या उत्तरांवरून कुणी ‘वृद्धांना काय वाटतं’ असा मथळा दिला, तर चूक १५ टक्क्यांवर जाते. तिथे खुशाल ओरडा, मी तुमच्या बाजूने आहे.

संख्येच्या भरवशावर फसलेल्यांची गोष्ट जुनी आहे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. त्यातल्या तेवीस-चोवीस लाख परत आल्या. त्यांच्या हिशेबाने रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकत होते. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेले, तेही मंदीच्या काळात, म्हणजे खिशात पैसे असलेल्यांचेच! शिवाय उत्तर पाठवायची हौस कुणाला होती, हा प्रश्न वेगळाच. त्याच निवडणुकीत मतचाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्यामानाने मूठभर लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला होता.

तेव्हा किती जणांना विचारलं यापेक्षा कोण सुटलं हे बघा. मुलांच्या पाहणीत माणसं कुठे सुटतात? कुलपापाशी. यादीतल्या घराला कुलूप दिसलं की हात आपोआप शेजारच्या दाराकडे जातो. शेजारी कुणीतरी असतं, ते बोलतात, फॉर्म भरतो. असं दिवसभर चाललं की कागदावर उरतात दुपारी घरी असणारी माणसं, आणि कामावर गेलेले सगळे गळतात. मग ‘बसची वेळ सोयीची आहे का’ या प्रश्नाचं उत्तर बसने न जाणारेच देऊन मोकळे होतात. उपाय कंटाळवाणा आहे: शेऱ्यात ‘कुलूप’ लिहायचं, संध्याकाळी परत जायचं, नाही भेटले तर सुट्टीच्या दिवशी पुन्हा. आणि अहवालात किती दारं शेवटपर्यंत उघडली नाहीत तेही छापायचं. हा शेवटचा आकडा नसेल तर अहवाल बाजूला ठेवा, तो मुलांचा असो की नामांकित संस्थेचा.

‘तज्ज्ञांवर सोपवा’ म्हणता. तज्ज्ञ हवेतच, पण तेही माणसंच पाठवतात ना? आणि माणसं चुकतात. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधल्या तागाच्या पिकाची पाहणी करताना हे आधीच धरलं होतं. एकाच भागातून दोन स्वतंत्र नमुने, म्हणजे तपासायच्या जागांच्या दोन वेगळ्या निवडी, काढायचे, ते वेगवेगळ्या गटांकडे द्यायचे आणि शेवटी दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी ठेवायची. फारच तफावत निघाली तर मोजण्यात गडबड आहे हे कळतं. ही युक्ती दोन वर्गांनाही जमते, खर्च शून्य. विद्यार्थ्यांच्या कुवतीबद्दल शंका असेल तर हार्वर्डमधली तरुणांची मतचाचणी बघा. ती २००० साली विद्यार्थ्यांनीच सुरू केली.

खरी पंचाईत होते ती एक्सेलमध्ये. ‘वय सांगितलं नाही’ यासाठी ९९ हा कोड ठरवलेला असतो आणि सरासरी काढताना तो वगळायचा राहून जातो. झालं, अख्खी वस्ती म्हातारी! अशा चुका पकडायला तज्ज्ञ लागत नाही, आकड्यांकडे संशयाने बघणारा एक चिकट पोरगा किंवा पोरगी पुरते. प्रश्नाचे शब्द मात्र जाणकाराकडून तपासून घ्यावेत. २००३ मध्ये प्यू या अमेरिकेतल्या जनमत पाहणी संस्थेने इराकमधल्या लष्करी कारवाईबद्दल विचारलं तेव्हा ६८ टक्के अमेरिकी अनुकूल होते; त्याच प्रश्नात ‘हजारो अमेरिकी सैनिक मारले गेले किंवा जखमी झाले तरी’ असा मुद्दा जोडला तेव्हा ४३ टक्केच उरले.

फुकट राबवण्याचा तुमचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, आणि त्यावर माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. प्रश्न दुसऱ्याने ठरवायचे, मुलांनी उन्हातान्हात फॉर्म भरून आणायचे आणि अहवालावर भलत्याचंच नाव, हा प्रकार चालतो, आणि त्याला शिक्षण म्हणणं ही धूळफेक आहे. माझी अट सोपी आहे: काय विचारायचं हे ठरवताना मुलं खोलीत हवीत, आणि निष्कर्ष ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्यापुढे सगळ्यात आधी मुलांनीच मांडायला हवेत. तिथे एखाद्या आजींनी ‘आमच्या गल्लीत तर कुणी आलंच नाही’ म्हटलं की नमुन्याचं भोक तिथल्या तिथे दिसतं. मांडतानाही चार-पाच जणांच्या गटाचे आकडे वेगळे द्यायचे नाहीत. लहान वस्तीत त्यावरून माणूस ओळखता येतो.

राहिला निवडणुकीचा कल. त्यात मुलांनी पडू नये असंच मला वाटतं. कोण जिंकणार हे मतमोजणीच्या दिवशी फुकट कळतं. चाकाच्या खुर्चीवरून दवाखान्यात शिरता येतं का, हे कुणी दारोदार जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. पुढच्या पाहणीची प्रश्नावली मुलं तयार करताहेत. छापण्याआधी तिच्यावर तुमची लाल शाई फिरली तर बरंच होईल. कळवा, मसुदा पाठवतो.