देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते

पावसाळा सरला आणि आकाश मोकळं झालं की देवयानी दीर्घिकेबद्दल (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह, इंग्रजीत अँड्रोमेडा) एक मजकूर फोनवर फिरत येतो. त्याचा आशय असा: ‘देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे, इतक्या लांबचं डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. ती आकाशात चंद्राच्या सहापट रुंद आहे, तेव्हा दिसत असती तर सगळ्यांनाच दिसली असती. बघायचीच तर जास्तीत जास्त मॅग्निफिकेशनची दुर्बीण घ्या, मग फोटोत असते तशी रंगीत चक्राकार दिसेल.’ यातले दोन्ही आकडे बरोबर आहेत. त्यांवरून काढलेला एकही निष्कर्ष बरोबर नाही, आणि शेवटच्या सल्ल्यापायी लोकांचे पैसे जातात, म्हणून हे लिहितो आहे.

अंतराचं आधी घेऊ. इराणी खगोलज्ञ अल-सूफी यांनी ९६४ साली आपल्या ताऱ्यांवरच्या ग्रंथात या जागी एक ‘छोटा ढग’ नोंदवला. दुर्बीण यायला तेव्हा सहाशेहून जास्त वर्षं होती. तो ढग म्हणजेच ही दीर्घिका. १६१२ मध्ये जर्मन खगोलज्ञ सायमन मारियुसने ती दुर्बिणीतून पाहिली आणि शिंगाच्या पातळ पापुद्र्याआडून मेणबत्तीची ज्योत दिसावी तसा उजेड, असं तिचं वर्णन केलं. फ्रेंच खगोलज्ञ मेसिएने १७६४ मध्ये तिला आकाशातल्या धूसर वस्तूंच्या आपल्या यादीत ३१ वा क्रमांक दिला, म्हणून ती एम ३१. यांच्यापैकी कुणालाच ती किती लांब आहे हे ठाऊक नव्हतं. १९२३ मध्ये अमेरिकन खगोलज्ञ एडविन हबलने तिच्यात सेफीड जातीचा रूपविकारी तारा (ज्याची चमक ठरावीक काळाने कमी-जास्त होते आणि त्यावरून अंतर काढता येतं) शोधला, तेव्हा कुठे ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची आहे हे ठरलं. अंतर कळायच्या हजारभर वर्षं आधीपासून माणसं तिच्याकडे बघत होती. डोळ्याला लागतो तो पोचलेला प्रकाश, आणि देवयानीची एकूण प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, ३.४ आहे. हा आकडा जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी. अंधाऱ्या गावातून सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात.

मग शहरात का दिसत नाही? मजकुरातली खरी अडचण इथे आहे, आणि ती मी मान्य करतो. मुंबई-पुण्याच्या भर वस्तीतून ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ३.४ ही प्रत सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर होणारी. प्रत्यक्षात तो तीन अंश लांब आणि एक अंश रुंद अशा पट्ट्यावर पसरलेला आहे. वाटीभर दूध परातभर पाण्यात ओतावं तशी गत. कडेचा भाग इतका फिकट की शहराच्या उजेडात विरघळून जातो, अंधारातही डोळ्यांना मुख्यतः मधला गाभाच जाणवतो. म्हणजे मोठी असणं हेच तिच्या फिकटपणाचं कारण. २०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचं अंधारं आकाश जपणारी जागा, म्हणून मान्यता मिळाली. तेवढं लांब जायलाच हवं असं नाही, गावच्या दिव्यांपासून दूर असलेलं शेतसुद्धा पुरतं.

आता मॅग्निफिकेशन, कारण सगळ्यात जास्त नुकसान या मुद्द्याने होतं. मुलाच्या हौसेसाठी आणलेल्या ६० मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५२५ पट’ छापलेलं मी पाहिलं आहे. एवढ्या भिंगाला १२० पटीच्या पुढे काही अर्थ उरत नाही. आणि देवयानीसाठी तर १२० सुद्धा घातक.

हिशेब सोपा आहे. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते. ७×५० ची द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांना लावायची दुर्बीण, ७ पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) बाहुलीच्या ५१ पट प्रकाश गोळा करते, पण प्रतिमेचं क्षेत्रफळही ४९ पट करते. जितकं मिळवलं तितकंच पसरलं. पसरट वस्तूचा पृष्ठभाग कुठलीच दुर्बीण डोळ्यापेक्षा उजळ करू शकत नाही. द्विनेत्रीचा फायदा असा की तोच उजेड मोठ्या आकारात दिसतो आणि मोठा फिकट डाग डोळा चटकन पकडतो. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२० पट लावली, तर तोच पृष्ठभाग जवळजवळ २०० पट मंद होतो. शिवाय दृष्टिक्षेत्र अर्ध्या अंशाच्या आत येतं, त्यात तीन अंशांची दीर्घिका मावणार कशी? पोराला करडा धूसरपणा दिसतो आणि दुर्बीण माळ्यावर जाते. त्यापेक्षा साधी ७×५० किंवा १०×५० द्विनेत्री घ्या.

रंगांबद्दल थोडक्यात. कॅमेरा तासन्‌तास प्रकाश साठवतो, डोळा साठवत नाही, आणि मंद उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. त्यामुळे राखाडी दिसणार. ज्याला हे आधी सांगितलेलं असतं, तो निराश होत नाही.

कार्तिक अमावास्येच्या आसपास रात्री आठ-नऊला बाहेर या. दिवाळीच्या अमावास्येपेक्षा ही बरी, फटाक्यांचा धूर निवळलेला असतो. मोबाइल खिशात ठेवून अर्धा तास अंधारात काढा. डोक्यावर पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन असतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून देवयानी याच नावाच्या तारकासमूहातल्या ताऱ्यांची ओळ ईशान्येला जाते. तिच्यातला पुढचा ठळक तारा मिराक. तिथून काटकोनात उत्तरेकडच्या शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेने वळायचं: आधी म्यू नावाचा तारा, मग त्याहून मंद न्यू. न्यूच्या शेजारी, मिराकपासून हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा किंचित कमी अंतरावर, दीर्घिका आहे. तिच्यावर नजर रोखू नका, जरा बाजूला बघा, कारण मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यभागी नसतात. लांबट धुक्याचा पुंजका हळूच उमटेल. तो सापडला की द्विनेत्री लावा, आणि शेजारी एम ३२ ही तिची छोटी सोबतीण ताऱ्यासारखी दिसते का ते बघा.