मे महिन्यातला धबधबा

लातूरकरांना पाणी पाहायला जाण्याची सवय आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून रेल्वे आली, तेव्हा मीही कुतूहलाने गेलो होतो. पाणी दिसले नाही, टाक्या मात्र डोळे भरून पाहिल्या. त्या अनुभवाने शहाणे होण्याऐवजी मी यंदा, मुलांना सुट्टी मेमध्येच असते एवढ्या एकाच कारणाने, भाड्याच्या जीपमध्ये सासूबाईंसह सारे घर कोंबून कर्नाटकातला जोगचा धबधबा गाठला.

किराणा दुकानाच्या कॅलेंडरावर तो ओसंडून वाहत होता. प्रत्यक्षात समोर २५३ मीटर उंचीचा काळा, कोरडा, अत्यंत प्रामाणिक कडा उभा होता. राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट अशी चार धारांची नावे मी वाटेत सर्वांकडून पाठ करून घेतली होती. त्यांपैकी राजाची जागा एका ओल्या रेघेने धरली होती, आणि बाकीच्या तिघांच्या जागी माकडे बसली होती.

"जावईबापू, पाणी कुठं हाय?" सासूबाईंनी विचारले. आमच्या गल्लीत नळ दहा दिवसांआड येतो, तेव्हाही त्यांचा सूर असाच असतो, आणि दोषी तेव्हाही मीच असतो.

मी समजावू लागलो की १९६४ मध्ये वरच्या अंगाला लिंगनमक्की धरण झाले, तेव्हापासून शरावतीचे पाणी तिथे अडते. ते तळकळले जलाशयात वळवून मोठमोठ्या नळांतून शरावती केंद्राच्या दहा जनित्रांवर सोडतात आणि १०३५ मेगावॉट क्षमतेची वीज काढतात. उरलेले पाणी कड्यावरून पडायचे ते पावसाळ्यात, धरण भरून दरवाजे उघडले तर.

"म्हंजे पानी हाय, पर नळात हाय," त्या म्हणाल्या. माझे पाच मिनिटांचे व्याख्यान त्यांनी एका वाक्यात आटोपले. तरीही मुलांच्या हट्टापायी आम्ही तळापर्यंतच्या हजारावर पायऱ्या उतरलो. चढताना प्रत्येकाच्या अंगावरून ज्या धारा वाहिल्या, त्या मोजल्या असत्या तर चारांहून जास्त भरल्या असत्या.

रात्री लॉजवर वीज अखंड होती. पंखा पाचाच्या खटक्यावर धबधब्यासारखा घोंघावत होता. मी मोठ्या तृप्तीने तो ऐकत पडलो होतो, तोच सासूबाई उठल्या आणि "झोपू दिना गेलाय मेला" असे म्हणत त्यांनी बटण बंद केले.