काळी काच, नदी आणि 'व्यापार': एका कमेंटला उत्तर

नमस्कार, उत्तर द्यायला आठवडा लागला, सॉरी. अँडीजमधल्या ऑब्सिडियनच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेच्या पोस्टवर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. पोस्टमध्ये मी म्हटलं होतं की प्राचीन काळी ही काच खाणीपासून लांबलांब व्यापारातून पोचली, आणि तुकड्यावरून तिचा मूळ डोंगर ओळखता येतो. एक, काळी काच सगळी सारखीच दिसते मग तुकड्यावरून डोंगर कसा ओळखणार. दोन, ती नदीने वाहून आली नसेल कशावरून. आणि तीन, तिथे पैसाच नव्हता तर मी 'व्यापार' कसा काय लिहिला. तिसरा मुद्दा मान्य, त्यावर येतोच.

नुसतं बघून ओळखतो म्हणणाऱ्यावर माझाही विश्वास नाही. पण गोडा मसाला कसा, सगळ्या घरचा दिसतो तपकिरीच, घटकांचं प्रमाण मात्र ज्याचं त्याचं. लाव्हा पटकन थंड होऊन काच झाली की रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम वगैरे त्यात ज्या प्रमाणात असतील तशीच अडकून बसतात, आणि ते प्रमाण स्रोतागणिक वेगळं असतं. आता हातात धरायच्या एक्स-रे मशीनने काही मिनिटांत, तुकडा न फोडता, हे मोजता येतं. १९७७ मध्ये पुरातत्त्वज्ञ रिचर्ड बर्गर आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रँक असारो यांनी पेरू-बोलिव्हियातले शेकडो तुकडे प्रयोगशाळेत तपासून त्यांचे रासायनिक गट पाडले.

यात गंमत अशी की गट बरोबर निघाले, पत्ते चुकले. एका गटाला 'टिटिकाका बेसिन टाइप' नाव दिलं कारण तुकडे पेरू-बोलिव्हिया सीमेवरच्या टिटिकाका तलावाच्या खोऱ्यात सापडत होते, आणि नव्वदच्या दशकात खाण सापडली ती दक्षिण पेरूतल्या कोल्का खोऱ्यात, चिवायजवळ, जवळपास पाच हजार मीटर उंचीवर. 'कुस्को टाइप'ची खाण कोटाहुआसी खोऱ्यात, आल्काला. 'किस्पिसिसा' नावाच्या आणखी एका गटाची खाण तर बरीच वर्षं पेरूतल्याच वांकावेलिका भागात समजत होते, ती निघाली आयाकुचोत. म्हणजे तुमचा संशय अगदीच बिनबुडाचा नाही, फक्त तो चुकीच्या जागी आहे, कारण इथे नकाशा चुकला होता, केमिस्ट्री नाही.

आता नदी. चिवायचं पाणी कोल्का नदीतून पॅसिफिकला जातं आणि टिटिकाका तलावाचं खोरं चारही बाजूंनी बंद, त्यातून समुद्राला वाट नाही, तिथलं पाणी बहुतेक वाफ होऊनच जातं. या दोन खोऱ्यांच्या मध्ये पाणलोटाची धार आहे, मग चिवायची काच तलावाजवळच्या तिवानाकू या प्राचीन शहरापर्यंत कुठली नदी नेणार? चावीन दे वान्तार या पेरूतल्या प्राचीन देवस्थानी किस्पिसिसाची काच मिळते, अंतर चारशे किलोमीटरच्या वर, मध्ये डोंगरच डोंगर. तिथेही माणसानेच आणली.

आणि कशी आणली, हे मात्र काच सांगत नाही. स्वतः जाऊन आणली, गावोगावी हातोहात सरकली, नात्यात भेट म्हणून दिली, की लामांच्या तांड्यावर आली (एक लामा २५-३० किलो उचलतो आणि दिवसाला १५-२० किलोमीटर चालतो), हे बाकीच्या पुराव्यावरून ठरवावं लागतं. सेरो बाऊलचंच बघा, दक्षिण पेरूतल्या मोकेग्वाच्या खोऱ्यातलं, वारी या प्राचीन राज्याच्या लोकांचं ठाणं (आपली पंढरीची वारी नव्हे!). तिथून चिवाय जवळ, पण तिथे काच मिळते ती दूरच्या किस्पिसिसाची आणि आल्काची, आणि चिवायचा माल बहुतेक तिवानाकूच्या बाजूला. जवळचं सोडून लांबचं का? माझ्या मते हा बाजारभावापेक्षा आपला माणूस कोण याचा मामला आहे. म्हणूनच 'व्यापार' हा शब्द ढिला होता. पोस्टमध्ये आता 'देवाणघेवाण' केलंय.

तुमच्या नजरेतून सुटलेली एक चूक मीच सांगतो. पोस्टमधल्या नकाशात आल्काहून समुद्रकाठच्या केब्राडा हाग्वायकडे जाणाऱ्या बाणावर मी हौसेने लामाचं चित्र टाकलं होतं. ती वस्ती ११ हजार वर्षांहून जुनी, लामा पाळीव व्हायला तेव्हा हजारो वर्षं बाकी होती, म्हणजे शंभरावर किलोमीटर लोक पायीच गेले असणार. लामा काढलाय, बाण तेवढा ठेवलाय.